जिना बंद करणारी बाई

एदेल्मीरा ओयार्सून टेकड्यांवर वसलेल्या वाल्पारायसो या बंदरगावाच्या नगरपालिकेत नकाशे काढायला लागली तेव्हा ती जेमतेम तेवीस वर्षांची होती. उंच, किंचित वाकलेली, रस्त्याने चालताना माणसांपेक्षा घरांच्या छपरांकडे जास्त बघणारी. पुढे आयुष्यभर ती तशीच राहिली. कस्टममधल्या एका कारकुनाशी तिचं लग्न ठरलं होतं, पण त्याची बदली उत्तरेला आन्तोफागास्ताला झाली, पत्रं विरळ होत गेली आणि मग थांबली. एदेल्मीराने त्यावर ना कुणाशी चकार शब्द काढला ना कुणी विचारायची हिंमत केली. ती आणि तिचा धाकटा भाऊ निबाल्दो, असे दोघं बंदराजवळच्या दोन खोल्यांत राहत. निबाल्दो जहाजांवर विजेची कामं करायचा, घरी असला की रेडिओ उघडून बसायचा आणि तिला हसवायचा प्रयत्न करायचा. बहुतेक वेळा फसायचा.

नकाशे काढणारी बाई तपासणी खात्यात कशी गेली, त्याला एक जळलेलं घर कारण झालं. कचेरीतल्या फायलीसाठी त्या घराचा नकाशा हवा होता आणि मोजमापं घ्यायला दुसरं कुणी मोकळं नव्हतं. आग लागली होती तळमजल्यावर, एका स्वयंपाकघरात. माणसं मेली होती सगळ्यात वर, पाच जण. एदेल्मीरा टेप घेऊन जिन्याने, म्हणजे जिन्याचं जे काही उरलं होतं त्याच्या कडेला लावलेल्या शिडीने, वर चढली. भिंतीवरची काजळी तिला हळूहळू वाचता यायला लागली. मधे उघडा असलेला तो जिना धुराड्यासारखा चालला होता. खालची आग त्याने वर ओढून घेतली होती आणि जाता जाता प्रत्येक मजल्याच्या उघड्या दारातून आत ढकलली होती. दुसऱ्या मजल्यावर मात्र एक खोली होती, तिचं दार कुणीतरी जाताना ओढून घेतलेलं. बाहेरून ते दार कोळसा झालं होतं. एदेल्मीराने खांद्याने ढकललं. आत भिंतीवरच्या कागदावरची पिवळी फुलं तशीच होती, टेबलावर कपबशी होती, आणि बशीत अर्धं बिस्किट.

ती खाली आली, नकाशा काढला, दिला. आठवड्याभराने तिने साहेबांकडे बदलीचा अर्ज टाकला.

साहेब म्हणाले, "ओयार्सून, तपासणीला गेलात तर लोक शिव्या घालतील. घरमालक वेगळ्या, भाडेकरू वेगळ्या."

"घालू देत."

"आणि गुडघे जातील. या गावात सपाट जमीन आहे कुठे?"

"ते जातीलच, कुठेही बसले तरी," ती म्हणाली.

दोन्ही गोष्टी साहेबांनी सांगितल्याप्रमाणेच झाल्या. वीस वर्षं तिने टेकड्यांवरची जुनी घरं पालथी घातली. नियम साधा होता आणि तो ती सगळीकडे त्याच शब्दांत सांगायची. दोनपेक्षा जास्त मजले जोडणारा जिना उघडा ठेवायचा नाही. त्याच्याभोवती तासभर आगीला दाद न देणारी भिंत हवी, प्रत्येक मजल्यावर आपोआप मिटणारं दार हवं, आणि जिन्यात काहीही ठेवायचं नाही. कुंडी नाही, सायकल नाही, गॅसची टाकी तर नाहीच नाही. टेकड्यांवर तिला 'दारबाई' म्हणायला लागले. ती चढताना दिसली की बायका खिडकीतून ओरडायच्या, "अगं आवर ते सगळं जिन्यातलं, दारबाई आली!"

तोर्दियो टेकडीवरचं ते घर तिच्या वाट्याला आलं सत्त्याण्णव साली. एकेकाळी कुठल्याशा व्यापाऱ्याने बांधलेलं, लाकडी सांगाड्याचं, बाहेरून पत्रा ठोकलेलं चार मजली घर. आता त्यात बारा बिऱ्हाडं होती, मजल्यागणिक तीन. आणि मधोमध जिना. रुंद, काळ्या लाकडाचा, चारही मजले वळत वळत गेलेला, वर छपरात काच. त्या काचेतून येणारा उजेड थेट तळापर्यंत पोचायचा. सगळ्या बिऱ्हाडांची दारं जिन्याच्या टप्प्यांवर उघडत, आणि दिवसभर उघडीच असत. वरच्या मजल्यावर कांदा परतला की खालच्याला भूक लागायची. कुणाच्या घरात भांडण झालं की बाकीचे अकरा न्यायाधीश व्हायचे.

तिसऱ्या मजल्याच्या टप्प्यावर, कठड्याला लागून, वेताची एक खुर्ची होती आणि तिच्यात लिसांद्रो मान्सिया बसलेला असे. चौऱ्याहत्तर वर्षांचा, विधुर, पस्तीस वर्षं विजेची बस चालवलेला. डावा पाय कामातून गेलेला. खाली उतरणं त्याला जमायचं नाही, म्हणून जगच त्याच्या समोरून वरखाली करायचं. कोण किती वाजता गेलं, कुणाच्या पिशवीत काय होतं, कुणाची लेक कुणाबरोबर परतली, सगळं त्याला ठाऊक.

एदेल्मीरा पहिल्यांदा वर आली तेव्हा त्याने तिला नीट निरखलं.

"दारबाई ना तू? मला वाटलं होतं जाडजूड असशील."

"काका, ही खुर्ची इथे चालणार नाही."

"बस तर खरी जरा. दम लागलाय तुला. खुर्चीला मग शिव्या दे."

ती बसली नाही. टेप काढून टप्प्याची रुंदी मोजली, कठड्यावरून खाली वाकून पाहिलं आणि वर काचेकडे पाहिलं. तेवढ्यात समोरच्या बिऱ्हाडातून रोसाउरा बाहेर आली. पन्नाशीची, अंगावरच्या झग्यालाच ओले हात पुसत. ती सकाळी मासळी बाजारात बसायची आणि दुपारी मान्सियाकाकाचं जेवण बघायची. कुणी तिला तसं करायला सांगितलं नव्हतं.

"काय बघताय हो एवढं वर?" रोसाउराने विचारलं.

"हा जिना बंद करावा लागेल. भिंत घालून. प्रत्येक मजल्यावर दार."

"अहो बाई, मग उजेड?"

"दिवे लावायचे."

"आणि वारा? आणि हा म्हातारा बसणार कुठे?"

"आपल्या खोलीत," एदेल्मीरा म्हणाली. मग तिला वाटलं की हे फार तुटक झालं, म्हणून तिने सगळं समजावून सांगितलं. खाली कुठे आग लागली तर हा जिना धूर कसा वर ओढेल, वरच्या मजल्यावर तो किती मिनिटांत पोचेल, चौथ्या मजल्यावर राहणाऱ्या चार लेकरांच्या आईला पळायला वाटच कशी उरणार नाही. लोक आपापल्या दारांत उभे राहून ऐकत होते.  शेवटी मान्सियाकाका म्हणाला, "पोरी, पन्नास वर्षांत इथे आग लागली नाही. आणि माझ्या डोळ्यांसमोर लागली तर पहिली आरोळी मीच ठोकीन. माझ्याहून चांगली घंटा कुठली आणणार तू?"

सगळे हसले. एदेल्मीरा हसली नाही. तिने वहीत खुर्चीची नोंद केली.

घरमालक बासुआल्तो हा खाली सपाटीवर दुकान असलेला गोल, घामट माणूस. नोटीस मिळाल्यावर तो कचेरीत आला तो वकिलाचं नाव घेतच. अग्निदलाचा कप्तान, जो इथे सगळे असतात तसा बिनपगारी, एरवी बेकरी चालवणारा माणूस होता, त्यानेही ते घर पाहिलं होतं आणि शेऱ्यात एक ओळ घातली होती: दारांबरोबर सगळ्या मजल्यांवर वाजणारी धोक्याची घंटाही बसवावी, कारण एकदा दारं बंद झाली की कुणाचं कुणाला ऐकू येणार नाही. नियमाने मात्र एवढ्या उंचीच्या घराला घंटा सक्तीची नव्हती.

बासुआल्तोने नेमकं तिथे बोट ठेवलं. "दारं करतो. भिंती करतो. पण घंटा नियमात नाही. घंटा मागत असाल तर मी कोर्टात जातो, आणि मग दारंही नाहीत नि भिंतीही नाहीत. दोन वर्षं बसा वाट बघत."

एदेल्मीराला कोर्ट माहीत होतं. दोन वर्षं म्हणजे दोन हिवाळे, बारा बिऱ्हाडांत बारा रॉकेलच्या शेगड्या आणि मधे ते धुराडं. तिने पेन उचललं, कप्तानाच्या ओळीवर रेघ मारली आणि बाजूला लिहिलं, 'दुसऱ्या टप्प्यात.' बासुआल्तोने सही केली. ती दुसऱ्या टप्प्यासाठी त्याला पत्र लिहिणार होती, आणि तिने लिहिलंही. दोनदा. उत्तर आलं नाही. तिसरं पत्र लिहायचं राहून गेलं, कारण तोवर दुसऱ्या टेकड्यांवरची दुसरी घरं पुढ्यात येऊन पडली होती.

काम तीन महिने चाललं. सुतारांनी जिन्याभोवती सांगाडा उभा केला, त्याला दोन्हीकडून आगीला दाद न देणारे जाड तक्ते ठोकले, आणि प्रत्येक मजल्यावर स्प्रिंगचं जड दार बसवलं. बिऱ्हाडांची जुनी पातळ दारं काढून तिथेही जाड दारं आली. जिन्याचा टप्पा भिंतीच्या आत गेला आणि त्याच्या बाहेर, तीन बिऱ्हाडांच्या मधे, एक अरुंद अंधारी बोळकांडी उरली. शेवटच्या तपासणीला एदेल्मीरा आली तेव्हा वेताची खुर्ची अजून टप्प्यावरच होती, आणि तिच्यात मान्सियाकाका.

"उठा काका."

"पोरी, मी काय सामान आहे?"

"तुम्ही नाही. खुर्ची."

तो उठला. भिंतीला धरून उभा राहिला. खुर्ची उचलायला सुतार पुढे झाला, पण एदेल्मीराने ती स्वतःच उचलली आणि त्याच्या खोलीत खिडकीशी नेऊन ठेवली. खिडकीतून बंदरातल्या क्रेन दिसत होत्या आणि पलीकडच्या घराचा गंजका पत्रा. "इथून समुद्र दिसतो," ती म्हणाली.

"समुद्र बोलतो का माझ्याशी?" तो म्हणाला. रागाने नाही. नुसतंच विचारल्यासारखं.

त्यानंतर ते घर गप्प झालं. दारं मिटताना धप्प आवाज यायचा, तेवढाच. लोक वर चढताना आता मोकळ्या भिंतींकडे बघत चढत. रोसाउरा रोज दुपारी मान्सियाकाकाला भोपळ्या-मक्याचा रस्सा किंवा घेवड्याची उसळ घेऊन जायची, पण पूर्वी येताजाता दहा वेळा होणारी बोलाचाली आता दिवसातून एकदा, दार ठोठावून, ताट देऊन, एवढ्यावर आली. वरची चार लेकरं पूर्वी त्याच्या खुर्चीभोवती खेळत. आता ती सरळ खाली पळत. तो रेडिओ मोठ्याने लावून बसायचा आणि फुटबॉलचा सामना असला की काठीने जमिनीवर ठोके द्यायचा.

वर्षभराने एदेल्मीरा फेरतपासणीला आली. सगळी दारं मिटत होती, जिना रिकामा होता, तिला वहीत एकही खूण करावी लागली नाही. जाताना तिने मान्सियाकाकाचं दार ठोठावलं. त्याला उठून यायला बराच वेळ लागला.

"कशी काय आठवण झाली?"

"सहज. दार जड नाही ना जात तुम्हाला?"

"जातं. पण जायचंय कुठे मला?" तो हसला. "चहा घेशील?"

तिला अजून दोन घरं बघायची होती. "पुढच्या वेळी," ती म्हणाली.

पुढच्या जुलैमध्ये, भर हिवाळ्यात, एका मंगळवारी दुपारी साडेतीनला, धुकं इतकं दाट होतं की खालून टेकडीवरची घरं दिसत नव्हती. रस्त्याने ब्रेड घेऊन चाललेल्या एका बाईने वर काच फुटल्याचा आवाज ऐकला आणि मान वर केली. तिसऱ्या मजल्याच्या खिडकीतून काळा धूर धुक्यात मिसळत होता. तिने कोपऱ्यावरच्या दुकानातून फोन केला. अग्निदलाची गाडी नऊ मिनिटांत आली. तोपर्यंत रस्त्यावरच्या लोकांनी आरडाओरडा करून घरातल्यांना बाहेर काढलं होतं. अकरा बिऱ्हाडं जिन्याने खाली आली. जिन्यात धुराचा साधा वासही नव्हता. वरची आई चार लेकरांना हाताशी धरून उतरली आणि सगळ्यात धाकट्याच्या हातात अजून जॅम लावलेला पाव होता.

आग मान्सियाकाकाच्या खोलीतून बाहेर आलीच नाही. दाराने तिला तासभर काय, दोन तास अडवलं असतं. जवानांनी पंधरा मिनिटांत विझवली. तो खिडकीपासून दोन हातांवर सापडला.

कप्तानाने कचेरीत फोन केला आणि एदेल्मीरा रुळांवरून चढ चढणाऱ्या गाडीने टेकडीवर गेली. रस्त्यावर माणसं घोंगड्या पांघरून उभी होती. तिला येताना पाहून कुजबुज थांबली. ती जिन्याने वर गेली, आतून मान्सियाकाकाच्या दाराकडे पाहिलं. आतली बाजू करपली होती. बोळकांडीच्या बाजूला रंग फुगलाही नव्हता. कामात तिने असं दार दुसऱ्यांदा पाहिलं होतं, फक्त आग आणि माणूस या वेळी एकाच बाजूला होते.

खाली आली तेव्हा रोसाउरा तिच्या पुढ्यात उभी राहिली.

"झालं तुझं समाधान?"

"रोसाउराबाई..."

"जिना उघडा असता तर ऐकू आलं असतं आम्हाला. एका हाकेला दहा माणसं धावली असती. तो टप्प्यावर बसलेला असता तर त्या खोलीत शेगडीजवळ कशाला बसला असता? तू त्याला आत कोंडलंस. आम्ही सगळे खाली उभे आहोत, आणि तो वर."

कप्तान मधे पडला. "बाई, दारं नसती तर आज मी वरून तुम्हा सगळ्यांना उतरवलं असतं. कुणाला जिवंत, ते नाही सांगता यायचं."

"तुम्ही गप्प बसा हो," रोसाउरा म्हणाली. "तुम्ही ब्रेड भाजा."

 कप्तान खरं बोलत होता आणि रोसाउराही. एदेल्मीराने वही काढली, कारण काढायला हवी होती, आणि पुन्हा पिशवीत ठेवली.

अहवाल महिन्याभराने आला. शेगडीवरून घोंगडी पेटली, रॉकेल सांडलं, धुराने काही मिनिटांतच मृत्यू. बांधकामात दोष नाही, दारांनी आपलं काम चोख केलं. साहेबांनी अहवाल तिच्या टेबलावर ठेवला आणि खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "अकरा कुटुंबं, ओयार्सून. नव्या मुलांना हे घर उदाहरण म्हणून शिकवायला हवं. बोलाल का त्यांच्यापुढे?"

"नाही," ती म्हणाली.

"का?"

"बाराव्या कुटुंबाचं विचारतील."

त्या फायलीत, मागच्या पानांत, तिच्या हाताने रेघ मारलेली कप्तानाची ती ओळ होती. साहेबांनी ती पाहिली नव्हती, किंवा पाहूनही त्यांना काही वाटलं नव्हतं. निबाल्दोला मात्र त्या हिवाळ्यात बहिणीचं काहीतरी बिनसल्याचं कळलं. ती जेवताना चमचा हातात घेऊन नुसती बसायची. त्याने एकदा रेडिओ बंद केला आणि विचारलं, "कुणी काही बोललं का तुला?"

"कुणीच काही बोलत नाही. तेच."

सप्टेंबरात तिला परत त्या घराची तपासणी करायची होती. ती गेली आणि पहिल्या मजल्यावरच थबकली. स्प्रिंगचं दार उघडं होतं, खाली वीट लावलेली. दुसऱ्या मजल्यावर वीट. तिसऱ्यावर वीट. चौथ्यावर, चार लेकरांच्या आईच्या मजल्यावरही. घरभर पुन्हा आवाज फिरत होते, कुणाचा तरी रेडिओ, कुणाचं खोकणं, तव्यावर काहीतरी तळल्याचा चुरचुरीत आवाज.

रोसाउरा तिसऱ्या मजल्यावर विटेशेजारी उभी होती, हात छातीवर बांधून.

"लिही. नोटीस दे. आम्हाला ऐकू यायला हवं एकमेकांचं."

"विटा काढाव्या लागतील, बाई."

"अजून तेच? त्याला मारून पोट भरलं नाही?"

"दारं मिटलीच पाहिजेत," एदेल्मीरा म्हणाली. "पण घंटा हवी होती. कप्तानाने लिहिली होती ती. मी खोडली."

रोसाउराला कळलं नाही. "कुठली घंटा?"

एदेल्मीरा तिथेच पायरीवर बसली. इतक्या वर्षांत ती कुठल्याही घराच्या जिन्यात बसली नव्हती. तिने सगळं सांगितलं. बासुआल्तो, कोर्टाची धमकी, रेघ, दुसरा टप्पा, ती दोन पत्रं आणि तिसरं न लिहिलेलं. "घंटा असती तर तो ती ओढू शकला असता. किंवा धूर लागल्यावर ती आपोआप वाजली असती. तुम्हाला ऐकू आलं असतं. दारं मिटलेली असतानासुद्धा. हे कुणाला माहीत नाही. अहवालात नाही."

 वरून एक मूल धडधडत खाली आलं, दोघींना बघून थबकलं आणि कडेकडेने निघून गेलं.

"मला ऐकू आलं होतं," रोसाउरा म्हणाली.

"काय?"

"ठोके. त्या दुपारी. काठीचे, जमिनीवर. मी भांडी घासत होते. म्हटलं, सामना लागला असेल रेडिओवर. म्हाताऱ्याचा संघ हरतोय, म्हणून आदळतोय काठी." तिने हात सोडले. "त्या दिवशी सामना नव्हताच. मंगळवारी कुठे असतो सामना. पण माझ्या डोक्यात ते आलंच नाही. पूर्वी दार उघडं असायचं तेव्हा मी एका डोळ्याने बघितलं असतं. दाराआडून सगळे ठोके सारखेच."

ती एदेल्मीराच्या शेजारी बसली नाही. कठड्याला, म्हणजे कठड्याच्या जागी आलेल्या भिंतीला, टेकून उभी राहिली.

"मी तुला माफ नाही करणार," ती म्हणाली. "स्वतःला पण नाही केलेलं."

"मी मागत नाही."

"मग घंटा बसव. ती वाजली की आम्ही विटा काढू. तोवर नाही."

बासुआल्तोने घंटेला पुन्हा नकार दिला. या वेळी वकिलाचं नाव घ्यायचीही त्याला गरज नव्हती, नियम त्याच्या बाजूचा होता. कचेरीत साहेब म्हणाले, "आपण सक्ती करू शकत नाही, तुम्हाला ठाऊक आहे." एदेल्मीराला ठाऊक होतं. तिने निबाल्दोला सांगितलं. निबाल्दोने मोडीत निघालेल्या एका जहाजावरून चार घंटा आणि तारांचं वेटोळं मिळवलं, धूर ओळखणारे डबे कुठून तरी पैदा केले, आणि तीन रविवार ते दोघं भाऊबहीण त्या घरात तारा ओढत राहिले. निबाल्दो सगळ्यांशी गप्पा मारायचा. त्याला पहिल्याच दिवशी कुणीतरी गरम तळलेल्या भोपळ्याच्या पुऱ्या आणून दिल्या. एदेल्मीराला कुणी काही विचारलं नाही. ती खाली बसून तारा सोलत राहिली.

घंटा पहिल्यांदा वाजली तेव्हा बारा, म्हणजे आता अकरा, बिऱ्हाडांतली माणसं बाहेर आली आणि टप्प्याटप्प्यांवर उभी राहिली. आवाज भयंकर होता. धाकटी मुलं रडायला लागली. रोसाउराने वाकून आपल्या मजल्याची वीट उचलली. दार धप्पकन मिटलं. मग खालून आणि वरून एकेक दार मिटत गेल्याचा आवाज आला.

त्यानंतर दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी, अकरा वाजता, एदेल्मीरा तिथे जाऊन घंटा तपासायची. हे तिच्या कामाचा भाग नव्हतं. ती निवृत्त झाली तरी जात राहिली. निबाल्दो एका प्रवासात जहाजावरच वारला, आणि ती त्या महिन्यातही गेली, फक्त एक आठवडा उशिरा. सुरुवातीला घंटेला सगळे बाहेर यायचे, हळूहळू तेही थांबलं. आवाज ओळखीचा झाला. मान्सियाकाकाच्या खोलीत एक तरुण जोडपं राहायला आलं, त्यांना आधी तिथे कोण राहायचं हे कुणी सांगितलं नव्हतं आणि एदेल्मीरानेही सांगितलं नाही. रोसाउरा तिच्याशी आवश्यक तेवढंच बोलायची. "आलीस?" "आले." "सगळ्या मजल्यांवर वाजली." "बरं." एवढं झालं की ती आपलं दार लावून घ्यायची. चहाला तिने कधी बोलावलं नाही.

रोसाउराला पुढे तिच्या लेकीने शेजारच्या किल्पुए गावी नेलं. तिचे पाय सुजायला लागले होते आणि चार मजल्यांच्या घरात तिचं निभेना. घंटेकडे बघायला दुसरं कुणी पुढे आलं नाही. एदेल्मीराचे गुडघेही तोवर कामातून गेले होते. तिने नगरपालिकेला पत्र लिहिलं की त्या घराच्या घंटेची देखभाल कचेरीने आपल्याकडे घ्यावी. दोन महिन्यांनी उत्तर आलं. खाली नव्या कुणाची तरी सही होती. सदर घंटा नियमानुसार आवश्यक नसल्यामुळे ती कचेरीच्या कक्षेत येत नाही, कळावे.

तिने पत्र घडी घालून खणात ठेवलं. मग शनिवारी कोट घातला, रुळांवरच्या चढाच्या गाडीने टेकडीवर गेली आणि एकेक पायरी थांबत थांबत तिसऱ्या मजल्यावर पोचली. दम खाल्ला. बटण दाबलं.

घंटा वाजली. बराच वेळ कुणी आलं नाही. मग एक दार किलकिलं झालं आणि झोपेतून उठलेल्या एका माणसाने डोकं बाहेर काढलं. तिने त्याला कधी पाहिलं नव्हतं.

"काय झालं हो आजी?"

"काही नाही," ती म्हणाली. "तपासत होते."

"मग बंद करा की. लहान बाळ झोपलंय आत."

तिने बटण सोडलं. त्याने दार लावून घेतलं. ते नीट मिटलं का, हे तिने हाताने ढकलून पाहिलं, आणि भिंतीला धरून उतरायला लागली.